रोज भोपळ्याच्या बिया, तरीही झिंक कमी: सात महिन्यांच्या लॅब्राडॉरचं प्रकरण

ब्रूनो. काळा लॅब्राडॉर, नर, वय सात महिने, वजन १९ किलो. घर नाशिकला, गंगापूर रोडवर. सांभाळणारे निवृत्त काका-काकू. स्वयंपाक पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नाही. तक्रार अशी: डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरल्यात, पायाचे तळवे फुटलेत, चालताना लंगडतो, खेळायला उठत नाही. खाज फारशी नाही. लसी सगळ्या झालेल्या. जंताचं औषध चौथ्या महिन्यानंतर दिलेलं नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण हल्ली माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांच्या जेवणात बियांची पूड असते. जवस, तीळ, सूर्यफूल, भोपळा, कधी चिया. माणसांच्या नाश्त्यात ती आली आणि तिथून कुत्र्याच्या ताटलीत गेली. पूर्ण वाढ झालेल्या, संतुलित खाणं मिळणाऱ्या कुत्र्याला चमचाभर पुडीने सहसा काही होत नाही. पण वाढत्या वयाच्या, मोठ्या जातीच्या पिल्लाचं मूळ जेवणच तोकडं असेल, तर याच बिया काय करतात ते ब्रूनोच्या अंगावर स्पष्ट दिसत होतं.

तपासणीत काय दिसलं

सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे की खपल्या दोन्ही बाजूंना सारख्याच होत्या. दोन्ही डोळ्यांभोवती कडी, ओठांच्या कडा, हनुवटी, दोन्ही कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे. जिथे कातडी सतत घासते किंवा दाबली जाते नेमक्या त्या जागा. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ धरून एक खपली सोडवली, तर खाली ओलसर लाल कातडी होती. तळव्यांच्या गाद्या जाड आणि खरखरीत झालेल्या. पुढच्या डाव्या पायाच्या मोठ्या गादीला आडवी भेग होती. ती बोटांनी जरा फाकवली की रक्ताचा थेंब येई आणि ब्रूनो पाय ओढून घेई. लंगडण्याचं कारण तेच.

पाठीवरचे केस कोरडे आणि तांबूस पडले होते. काळ्या कुत्र्याचे केस असे तांबूस व्हायला लागले, की प्रथिनं नीट मिळताहेत का हे पाहावंच लागतं. हिरड्या फिकट होत्या. जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या. ताप नव्हता, नाक-डोळ्यांतून स्राव नव्हता. या वयाच्या लॅब्राडॉर नराचं वजन साधारण २५ किलोच्या पुढे असतं, म्हणजे वाढही मागे पडली होती.

अशा खपल्या पाहिल्यावर डोक्यात चार-पाच आजार येतात. डेमोडेक्सच्या किड्यांमुळे होणारी लूत, बुरशी, डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात होणारे कडक तळवे आणि पेम्फिगससारखा, शरीराने स्वतःच्याच कातडीवर हल्ला करण्याचा आजार. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, किडे नव्हते. बुरशीची चाचणी निगेटिव्ह. लसीकरण आणि एकूण लक्षणं पाहता डिस्टेंपरची शक्यता मागे पडली. खपलीखालच्या नमुन्यात यीस्ट भरपूर होतं, पण ते बहुतेक वेळा आधीच बिघडलेल्या कातडीवर येऊन बसतं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, कुत्र्यात ते १२ च्या वर हवं. विष्ठेत हुकवर्मची, म्हणजे रक्त शोषणाऱ्या जंतांची, अंडी सापडली, आणि त्यांच्याबरोबर जवसाचे आणि तिळाचे अख्खे, जसेच्या तसे दाणे.

ताटलीत काय होतं

आहाराची चौकशी करताना मी "काय खातो?" एवढंच विचारून थांबत नाही. "थोडा भात" म्हणजे एका घरात दोन घास असतात आणि दुसऱ्या घरात पातेलंभर. म्हणून काकूंना सांगितलं, ज्या वाटीने आणि चमच्याने देता ती वाटी आणि तो चमचा घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत सगळं घेऊन आल्या, बियांच्या पुडीच्या बरणीसकट. मापं घेऊन दिवसाचा हिशोब मांडला: चार पोळ्या, ४०० मिली गाईचं दूध, एक वाटी भात, एक वाटी वरण, ३० ग्रॅमच्या आसपास पनीर आणि चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम, बियांची पूड. जवस, तीळ, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया समान भागात, कच्च्याच मिक्सरमधून फिरवलेल्या. पूड भरड असल्याने बारीक दाणे पात्याखाली न येता तसेच राहत होते. शिवाय दोन्ही वेळच्या जेवणावर कॅल्शियमचं सिरप.

"डॉक्टर, मुलाने फोनवर सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "भोपळ्याच्या बियांत झिंक असतं, जंतही पडतात. मग वेगळं औषध कशाला? आणि पहिल्या महिन्यात खरंच केस काय चमकायला लागले होते! खालचे जोशी विचारायचे, काय खायला घालता म्हणून."

नंतर खपल्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी दोनाचे चार चमचे केले.

ती चमक खरी होती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. २००१ साली अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी कुत्र्यांच्या खाण्यात दळलेलं जवस किंवा सूर्यफुलाच्या बिया घालून पाहिल्या. साधारण महिन्याभरात कातडी आणि केस सुधारल्याचं दिसलं, पण ती सुधारणा तात्पुरती ठरली. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल असतं आणि कातडीचा बाहेरचा थर धरून ठेवायला कुत्र्याला ते लागतंच. जेवणात स्निग्धांश कमी असेल तर चमक लवकर येते. पण केसाची चमक हा आहार पुरा पडत असल्याचा पुरावा धरता येत नाही. ब्रूनोच्या घरी तो धरला गेला, आणि जेवणातली मूळ उणीव महिना-दोन महिने झाकली गेली.

आता आकडे. २० किलोच्या आसपासच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला ढोबळमानाने १३०० किलोकॅलरी लागतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली ठरवलेल्या प्रमाणानुसार पिल्लाला दर १००० किलोकॅलरीमागे २५ मिलिग्रॅम झिंक हवं, म्हणजे ब्रूनोला दिवसाला सुमारे ३३ मिलिग्रॅम. त्याच्या ताटलीत सगळं मिळून जेमतेम १० भरत होतं. पोळ्यांतून तीन-साडेतीन, दुधातून दीड, वरणातून सव्वा, भात-पनीरमधून थोडं, आणि चार चमचे बियांमधून दोनाच्या आसपास.

भोपळ्याच्या बियांत झिंक असतं हे खरंच आहे. १०० ग्रॅममध्ये साडेसात-आठ मिलिग्रॅम, आणि बियांमध्ये हा आकडा चांगला म्हणायला हवा. पण ब्रूनोच्या पुडीत भोपळ्याचा वाटा नऊ ग्रॅमचा. त्यातून मिळणार पाऊण मिलिग्रॅम. दिवसाची गरज फक्त भोपळ्याच्या बियांनी भागवायची म्हटली, तर ४०० ग्रॅमच्या वर बिया आणि २३०० किलोकॅलरीहून जास्त ऊर्जा पोटात घालावी लागेल. पिल्लाला दिवसभरात लागते त्याच्या पावणेदोन पट. हा हिशोब मी काकूंसमोर कागदावर मांडला. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे औषधाच्या मापाचं नव्हतंच."

आहे तेही का मिळत नव्हतं

१० मिलिग्रॅम हा ताटलीतला आकडा. शरीरात त्याहून खूपच कमी पोचत होतं, आणि ब्रूनोच्या प्रकरणात बियांचा खरा संबंध इथे येतो.

बी म्हणजे पुढच्या रोपाची शिदोरी. त्यात फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवलेला असतो. हे फायटेट आतड्यात झिंकला घट्ट धरून ठेवतं आणि त्याला घेऊनच बाहेर पडतं. ते फोडायला फायटेज नावाचं विकर लागतं, आणि कुत्र्याच्या आतड्यात ते कामापुरतं नसतं. गव्हाच्या कोंड्यात फायटेट, डाळीत फायटेट, चारही बियांत फायटेट. त्यात कॅल्शियम मिसळलं की कॅल्शियम, फायटेट आणि झिंक यांचा एकत्र असा गठ्ठा बनतो, जो विरघळतच नाही. ब्रूनोला एकूण कॅल्शियमही कमीच पडत होतं. वाढीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास हवं, दुधातून मिळत होतं अर्धा ग्रॅम. पण जे सिरप दिलं जात होतं ते नेमकं बिया पेरलेल्या जेवणावर. त्यामुळे हाडांची गरज भागली नाही आणि झिंक मात्र अडलं.

ही गोष्ट पशुवैद्यकाला नवी नाही. १९५५ साली टकर आणि सामन या संशोधकांनी दाखवून दिलं, की धान्य आणि पेंडीवर वाढवलेल्या डुकरांच्या अंगावर येणाऱ्या जाड खपल्या झिंक दिल्यावर जातात. माणसाच्या बाबतीत हे काम केलं बिहारमधल्या बक्सरला जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. इराणमध्ये शिराझला असताना त्यांनी वाढ खुंटलेली मुलं पाहिली. त्यांचं खाणं मुख्यतः बिनखमिराची गव्हाची रोटी. १९६१ मध्ये त्यांनी ही लक्षणं मांडली आणि पुढे इजिप्तमधल्या रुग्णांवर झिंकची कमतरता सिद्ध केली. त्याआधी माणसाला झिंक कमी पडू शकतं हे वैद्यकशास्त्र मानायलाही तयार नव्हतं. मला हा इतिहास इथे सांगावासा वाटतो, कारण पोळी आपल्या हाताची, आपल्या घरची, म्हणून तिच्यावर संशयच येत नाही. खमीर आल्यावर फायटेट बरंच फुटतं. पोळीला तो वेळ मिळत नाही. माणूस पोळीबरोबर दहा गोष्टी खातो, पिल्लू खात नाही.

जवसाचा आणखी एक गुण असा की भिजलं की ते बुळबुळीत होतं. तो चिकट थर आणि बियांमधला चोथा मिळून ब्रूनोला दिवसातून चार वेळा मोठी, सैल शी होत होती. काकूंना वाटत होतं पोट छान साफ होतंय. जंतांनी रक्त शोषणं चालूच होतं, कारण भोपळ्याच्या बियांनी जंत पडतात या समजुतीवर औषध थांबलं होतं. त्या बियांत क्युकर्बिटिन नावाचा घटक असतो, जंतांवरच्या त्याच्या परिणामाची चर्चा जुनीच आहे. पण कुत्र्याच्या हुकवर्मवर भरवसा ठेवावा असा उपाय तो नाही, आणि फिकट हिरड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत अशा प्रयोगात घालवायला वेळ नसतो.

निदान

झिंकची रक्ततपासणी मी मागवली नाही. नळीच्या रबरी बुचातूनही झिंक नमुन्यात मिसळतं, आजारपणात रक्तातली पातळी इकडेतिकडे होते, आणि आकडा "नॉर्मल" आला की घरचे निर्धास्त होतात. त्याऐवजी कोपराजवळच्या आणि ओठाच्या कडेच्या कातडीची बायोप्सी केली. अहवालात वरचा थर बेसुमार जाड झालेला, त्या थरातल्या पेशींमध्ये केंद्रकं तशीच शिल्लक, आणि हा बदल केसांच्या मुळांपर्यंत उतरलेला. झिंकच्या कमतरतेशी हे तंतोतंत जुळतं.

या आजाराचे दोन प्रकार मानतात. पहिला सायबेरियन हस्की, अलास्कन मॅलाम्यूट अशा जातींत दिसतो. त्यांचं आतडंच झिंक नीट शोषत नाही, त्यामुळे खाणं चांगलं असूनही गोळी बहुधा जन्मभर लागते. दुसरा प्रकार वाढत्या पिल्लांचा, फायटेट किंवा कॅल्शियम जास्त असलेल्या किंवा मुळात झिंक कमी असलेल्या खाण्यामुळे होणारा. ब्रूनो दुसऱ्यातला, आणि ही त्याच्यासाठी चांगली बातमी होती. खाणं सुधारलं की हा प्रकार बरा होतो.

उपचार, आणि घरातली चर्चा

औषधांचा भाग सोपा होता. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध तीन दिवस, मग पुन्हा विष्ठा तपासून दुसरा कोर्स. लोहाचं टॉनिक. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि खपल्या ओढून न काढता रोज कोमट पाण्याने मऊ करून जातील तेवढ्याच काढायच्या. झिंक ग्लुकोनेट, शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम झिंक मिळेल इतकं, जेवणाबरोबर, कारण रिकाम्या पोटी ते उलटी काढतं. कॅल्शियमचं सिरप बंद. बिया पूर्ण बंद.

झिंकबद्दल इथेच सांगते. हे वाचून कुणी माणसांच्या झिंकच्या गोळ्या कुत्र्याला सुरू करू नयेत. झिंक जास्त झालं की लाल रक्तपेशी फुटतात आणि कुत्रा जिवावरच्या दुखण्यात जातो. मात्रा वजनावर आणि गोळीतल्या मूळ झिंकवर ठरते. गोळीवर छापलेला आकडा कधी क्षाराचा, म्हणजे झिंक ग्लुकोनेटसारख्या अख्ख्या संयुगाचा असतो, कधी नुसत्या झिंकचा, तो फरक ओळखता आला पाहिजे.

अवघड होतं खाणं. मी मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं, वाढीच्या वयाला संपूर्ण आहार म्हणून बनवलेलं कोरडं खाद्य सुचवलं. त्यात चिकन असतं हे न लपवता सांगितलं. काका गप्प बसले. काकूंनी विचारलं, "शाकाहारीच काही नाही का?" पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी विचारपूर्वक बनवलेला शाकाहारी आहार जमू शकतो, तो मी काही घरांना आखून दिला आहे. पण खुंटलेल्या, रक्त कमी असलेल्या सात महिन्यांच्या पिल्लावर तो बसवायचा म्हणजे प्रत्येक घटक मोजावा लागतो, आणि इथे हाताशी वेळ कमी होता. तेही तसंच सांगितलं. शेवटी काकाच म्हणाले, "त्याचा धर्म त्याचा. डबा गॅलरीत ठेवू." काकूंची अट एकच: ताटली स्वयंपाकघरात धुवायची नाही. मला ही तडजोड फार मोलाची वाटली. कुत्र्यासाठी घरातल्या माणसांना आपली रीत पूर्ण सोडायला लावणारा सल्ला आठवड्याभरात गुंडाळला जातो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू केला. पोळी आणि दूध गेलं. वरण-भात दुपारी एक घास, तोही काकूंच्या समाधानासाठी.

पुढचे महिने

दहाव्या दिवशी शी दिवसातून दोनदा आणि घट्ट. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांभोवतीच्या खपल्या गळून खाली गुलाबी कातडी आणि बारीक लव दिसायला लागली. तळव्याची भेग सगळ्यात शेवटी भरली, सहावा आठवडा उजाडला. त्याच सुमारास झिंकची गोळी बंद केली आणि मुद्दाम वाट पाहिली: पुन्हा खपल्या आल्या असत्या तर दुखणं खाण्यापलीकडचं आहे असा अर्थ निघाला असता. आल्या नाहीत. आठव्या आठवड्यात वजन साडेपंचवीस किलो, हिमोग्लोबिन १२.८. नवे केस काळे येत होते, पाठीवर तांबूस आणि काळ्याची सीमारेषा स्पष्ट दिसायची. जुने केस गळून जाईपर्यंत ती तशीच राहिली.

वर्षाचा झाल्यावर काकूंनी विचारलं, आता जवस चालेल का. चालेल, असं मी सांगितलं. मूळ आहार पुरता असेल तर तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक छोटा चमचा, पाचेक ग्रॅम, पुरे. सगळे वरखर्च, म्हणजे बिया, बिस्किटं, पोळीचा तुकडा, मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहावेत. ब्रूनोच्या चार चमच्यांनी एकट्यानेच पंधरा टक्के खाल्ले होते. जवस हलकं भाजून, बारीक दळून, फ्रिजमध्ये हवाबंद ठेवायचं आणि आठवड्याचंच दळायचं. अख्खं दिलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं, दळून बाहेर ठेवलं तर तेल खवट होतं. भाजल्याने त्यातले सायनाइड सोडू शकणारे घटकही कमी होतात.

जवसातून मिळणारं ओमेगा-३ हे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. शरीराला थेट उपयोगी पडणारी ओमेगा-३ ची रूपं म्हणजे ईपीए आणि डीएचए. कुत्र्याचं शरीर जवसातून थोडंच ईपीए बनवतं, डीएचए तर जवळजवळ नाहीच. म्हणून सांधेदुखी किंवा ॲलर्जीच्या खाजेसाठी ओमेगा-३ हवं असेल तिथे मी जवस लिहून देत नाही. माशाचं तेल देते, आणि अशा शाकाहारी घरात शेवाळापासून काढलेलं तेल, ज्यात डीएचए थेट मिळतं. त्याचाही परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात.

काकूंना आणखी तीन गोष्टी लिहून दिल्या. घरची जवसाची चटणी त्याला द्यायची नाही, कारण त्यातला लसूण कुत्र्याच्या लाल पेशींना घातक आहे, मीठ-तिखट वेगळंच. दुकानातलं तयार सीड मिक्स आणायचं नाही, कारण त्यात बऱ्याचदा मनुके किंवा बेदाणे असतात आणि त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चिया किंवा सब्जा कोरडा कधीच घालायचा नाही, तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगतो.

ब्रूनो आता चौदा महिन्यांचा आहे, वजन ३० किलो. खाद्य मोठ्या कुत्र्यांचं सुरू झालंय. जवस आठवड्यातून चार दिवस एक चमचा, भोपळ्याच्या बिया नाहीत. विष्ठेची तपासणी दर तीन महिन्यांनी, जंताचं औषध तिच्या निकालानुसार. पुढची भेट पावसाळ्याआधी ठरली आहे, तेव्हा तळवे आणि हिमोग्लोबिन पुन्हा पाहणार.